‘क्ष’चा मान

पहाटे गिरणीचा भोंगा होई तेव्हा माझ्या निम्म्या भाकऱ्या थापून झालेल्या असत. त्या दिवसांतलं आठवतं ते एवढंच, की मला सदा झोप येई. यजमान शाळेत गणित शिकवत. छातीच्या दुखण्यानं नोकरी सुटली आणि त्यांनी अंथरूण धरलं. मी मॅट्रिक झाले तर मुलींच्या शाळेत जागा मिळणार होती. नाहीतर दिरांच्या तोंडाकडं बघत दोघांनी जगायचं.

दुपारी घर निजलं की ते पडल्यापडल्या शिकवत. बीजगणितात ‘क्ष’ एकटा असेतो माझं बरं चाले. सोबत ‘य’ आला की गाडं अडे. ‘क्ष’च्या घनातून ‘य’चा सहावा घात वजा केलेला, आणि त्याला भागायचं ‘क्ष’मधून ‘य’चा वर्ग वजा करून येईल त्यानं. मी एका ओळीत ‘क्ष’ला पुढं धरी, पुढच्या ओळीत नव्यानं आलेलं पद भागताना ‘य’ला. दोन ओळी उतरले की पहिलीच ओळ पुन्हा समोर हजर! पाटी फोडावीशी वाटे.

“आगं, आदी मान ठरीव की,” ते खोकत म्हणाले. “क्ष पुढं म्हणलीस तर शेवटपत्तोर क्षच पुढं. मधीच बदललंस तर हे सरायचंच न्हाय.”

“पण ‘य’चा घात केवढा मोठा हाय! त्याला मागं कसं ठिवू?”

“मग वहिनीला कसं पुढं ठिवतीस?”

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वयानं माझ्याहून लहान. तरी हळदीकुंकू आधी त्यांना, ताटही आधी त्यांचं. नवऱ्याचा क्रम आधी, वय मागाहून. ज्या नियमानं मला इतकं जाचलं, तोच असा कामाला यावा! हसू आलं आणि चीडही आली. ‘क्ष’चा घात मोठा ते पद पुढं धरत गेले, मग ‘य’ कितीही चढलेला असो. बाकी शून्य आली.

पुढं त्यांचा खोकला वाढला. वैद्यबुवांनी बोलायची मनाई केली. “हिची परीक्षा होऊ द्या,” एवढंच ते म्हणत, आणि शिकवत राहत.

मी पास झाले. धावत जाऊन सांगितलं.

“झालं एकदाचं,” ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. त्यानंतर काढाही मागितला नाही. माझी नेमणूक व्हायच्या आत गेले.

बाईनं नाव काढलं, असं लोक म्हणतात. मला वाटत राहतं, नापास झाले असते तर त्यांना आणखी एक वर्ष शिकवावं लागलं असतं.