कडं नसलेली बशी

स्वीडनमधल्या उप्सालाच्या इस्पितळात इंगेयर्ड जंतूंच्या बश्या वाचायची. एकोणतीस वर्षं तेच काम. माझं टेबल तिच्या शेजारीच. रुग्णाचे जंतू बशीत वाढवायचे, वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडणार असेल, तर चकतीभोवती मोकळं कडं पडतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती बशी धरून नुसतीच उभी राहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तातले जंतू होते. आठ चकत्या, आणि एकीलाही कडं नाही.

"चकत्या जुन्या असतील," आमचा डॉक्टर स्टेलान म्हणाला.

"आत्ताच नवी डबी फोडलीय."

"मग चष्मा जुना असेल तुझा."

"थट्टा पुरे, स्टेलान. त्या बाळाला आता काय देणार आहेस, ते सांग."

त्याने बशी उजेडात धरली. एकेक चकती पुन्हा पाहिली.

तिने तपासणी पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी तेच दिसलं, पण तोवर बाळ गेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच खोलीतल्या दुसऱ्या बाळाचं रक्त आलं. तेच जंतू. मूत्रपिंडं बिघडवतं म्हणून कधीच मागे पडलेलं एक औषध शोधून काढलं, त्यावर ते कसंबसं वाचलं.

इंगेयर्डच्या मनात मात्र भीती घर करून बसली. कातडी फाटेपर्यंत हात धुवायची. लेकीकडे गेली तर तान्ह्या नातीला उचलेना. लेक चिडली, "आई, तिला काय काटे आहेत?" आपल्या हातांवरून तिला जंतू लागतील, ही भीती इंगेयर्डला सांगताही येईना.

शेवटी तिने रचनीला पत्र लिहिलं. रचनी थायलंडची, पूर्वी आमच्याकडे काम शिकून गेलेली. उत्तर आलं : "तुला अशा दोन बश्या सापडल्या, मला दर आठवड्याला सापडतात. वाटायचं, मी एकटीच पाहतेय." ते पत्र इंगेयर्डने तसंच स्टेलानच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मग स्टेलानलाही थट्टा सुचेना. दोघांनी घाना, इक्वेडोर, जिथे ओळख निघेल तिथे पत्रं धाडली. सप्टेंबरात सात देशांतले अकरा जण आमच्या बैठकीच्या खोलीत जमले. डॉक्टर मंडळी आकडे मांडत होती. इंगेयर्डला बोलायला उठवलं. दुहेरी पिशवीत बंद केलेली बशी तिने टेबलावर ठेवली. सगळ्यांच्या खुर्च्या मागे सरकल्या.

"मीसुद्धा अशीच मागे सरकले होते," ती एवढंच म्हणाली.

जे दिसेल ते लपवायचं नाही, एकमेकांना लगेच कळवायचं, आणि गरज नसताना औषध देऊ द्यायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं. अकरांचे आता काही शे झालेत.

इंगेयर्ड निवृत्त झाली. खुब्याचं ऑपरेशन तिने दोन वर्षं टाळलं. "सुरीला नाही गं, नंतरच्या तापाला भिते," म्हणायची. गेल्या शरदात करून घेतलं एकदाचं. पाच दिवस मी उशाशी होते; तासातासाला थर्मामीटर मागायची. ताप आला नाही. घरी आली, तरी आठवडाभर थर्मामीटर तिच्या उशाखाली होता.