सात बटणं

वकीलबाई बसत नाहीत. अशिलाशी बोलताना उभ्या, फोनवर उभ्या, जेवताना ताट हातात. कोर्टातला जुना शिपाई त्यांना एकदा म्हणाला, "बाई, या कॉरिडॉरची फरशी तुमच्या चपलांनी झिजली. कोर्टानं तुमच्यावरच नुकसानभरपाईचा दावा लावायला हवा."

"लाव की," त्या न थांबता म्हणाल्या. "पुरावा आण. दोन साक्षीदार लागतील."

सत्तावीस वर्षं त्या एकाच तऱ्हेच्या केसेस लढवतायत. कामावर मोडलेली माणसं आणि त्यांच्या घरचे. दुसरं काही घेत नाहीत. सख्ख्या भावाच्या जागेचा वाद आला तेव्हाही म्हणाल्या, "तुझे हातपाय धड आहेत ना? मग दुसरा वकील बघ."

मी साहित्यात एम.ए. करून घरी बसले होते. त्यांना टाइप करणारं कुणीतरी हवं होतं. मैत्री नंतर झाली. आमच्यात तीस वर्षांचं अंतर आहे आणि त्यांना ते आठवत नाही.

पहिलीच केस त्या हरल्या होत्या. परांचीवरून पडलेला गवंडी, कमरेखाली लुळा. त्यांनी दोन तास तो पडला कसा ते सांगितलं. समोरचा वकील उठून एवढंच म्हणाला, "अपघात वाईटच होता. पण तो संपला." आणि बसला.

"तेव्हा माझी ट्यूब पेटली," त्या मला म्हणाल्या. "अपघात एका सेकंदाचा असतो. सकाळ रोज उजाडते."

तेव्हापासून त्यांची एक रीत आहे. केस घेतली की त्या अशिलाच्या घरी भल्या पहाटे जातात आणि माणूस उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत बघत राहतात. मी लिहून घेते. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, 'असहाय पहाट'. त्यांनी काट मारली. "विशेषणं तुझ्याकडे ठेव. किती वाजता उठला ते लिही."

फिटरच्या घरी आम्ही पाच वाजता गेलो.

हा कागदाच्या गिरणीतला फिटर. मशीनला कान लावून दुखणं ओळखायचा. रोलरमध्ये अडकलेला कागद चालू मशीनवरच काढायचा, अशी गिरणीची पद्धत. मशीन थांबवलं तर फोरमन पाळीभर तोंड सोडायचा. एके दिवशी दोन्ही हात रोलरनं ओढून घेतले. डॉक्टरांनी ते जोडले. दहा बोटं जागेवर होती. फक्त त्यांना पकड नव्हती आणि स्पर्श कळत नव्हता. गिरणीचं म्हणणं, हात बरे झालेत, गोदामात काम देतो, भरपाई कसली? सगळा दावा एवढ्यावरच अडला होता. हे हात बरे आहेत की नाहीत.

"बाई, इतक्या पहाटे आमच्याकडे दूधवालासुद्धा येत नाही," फिटर म्हणाला.

"तो उशिरा येतो. त्याला सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

त्याच्या बायकोनं त्याचं तोंड धुतलं. दाढी केली. शर्ट चढवला. सात बटणं. ती खालून वर लावत गेली. शेवटचं गळ्याचं बटण लावताना तो छताकडे बघत राहिला. मी लिहिलं, 'बटणं सात, सगळी बायकोनं लावली.'

मग तो माझ्या वहीकडे बघून म्हणाला, "हे कोर्टात जाणार नाही."

"का?" वकीलबाईंनी विचारलं.

"माझ्या पाळीची पोरं येणार आहेत तिथं. फोरमन असेल. मी परत येतोय म्हणून सांगितलंय त्यांना. शब्द द्या."

वकीलबाई खिडकीपर्यंत गेल्या. परत आल्या. "दिला."

डॉक्टरांचे कागद भरपूर होते. ते पुरतील असं त्यांना वाटलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी असा शब्द कुणाला दिला नव्हता. यालाच का दिला, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

फिटरच्या साक्षीच्या दिवशी मागची दोन बाकं गिरणीवाल्यांनी भरली होती. गिरणीचा वकील गोड माणूस. उलटतपासणी त्यानं घरी आलेल्या पाहुण्यासारखी सुरू केली.

"जेवता ना स्वतःच्या हातानं?"

"मग काय तुमच्या?"

मागच्या बाकांवर हसू पिकलं. फिटर खुलला.

"शर्ट घालता?"

"घालतो."

"बटणं?"

त्यानं मागं बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. फोरमनही.

"लावतो."

"गोदामाचं काम झेपेल?"

"ते तर डाव्या हाताचा मळ."

गिरणीचा वकील म्हणाला, "आभारी आहे," आणि बसला. फिटर ताठ उभा होता. आपण आपलीच केस बुडवली हे त्याच्या गावीही नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. वकीलबाई कॉरिडॉरभर येरझारा घालत होत्या. मी मागं पळत होते.

"डॉक्टरांचे कागद आहेत ना आपल्याकडे?"

"जिवंत माणूस 'लावतो' म्हणाला. आता कागदांना कोण विचारतं?"

फिटरची बायको आली. "बाई, मला उभं करा. मी सांगते कोण लावतं ते."

"तुम्ही बायको. म्हणतील, पढवून आणलीय."

"मग?"

"मी त्याला शब्द दिलाय."

"तो तुम्ही दिलाय. मी नाही," ती म्हणाली. "शब्दानं माझं घर चालणार आहे का?"

वकीलबाई थांबल्या नाहीत. पण चालणं मंदावलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली.

फेरतपासणीसाठी त्या उठल्या. फिटर पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"शर्टाचं वरचं बटण काढा."

गिरणीचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानंच बसवलं. "काढू द्या."

फिटर वकीलबाईंकडे बघत राहिला. मग त्यानं तळव्यानं शर्टाचा गळा ओढला. बटण सुटलं.

"आता लावा."

पहिलं मिनिट तो बाकांकडे बघून हसत होता. दुसऱ्या मिनिटाला हसू गेलं. बोटांना स्पर्श कळत नाही, म्हणून बोट कुठं आहे ते त्याला डोळ्यांनी शोधावं लागतं. गळ्याचं बटण स्वतःला दिसत नाही. बोटं कॉलरवर चढत होती आणि घसरत होती. तो हनुवटी खाली घालत होता. हनुवटी हातांच्या आड येत होती. मागच्या बाकांवरची माणसं एकेक करून जमिनीकडे बघायला लागली. फोरमन दाराकडे बघत होता.

बायको उठली. दोन पावलं पुढं आली.

"बसा तुम्ही!" वकीलबाई ओरडल्या.

चार मिनिटं झाली. भिंतीवर घड्याळ होतं, मी त्याच्याकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठं बघवत नव्हतं.

"पुरे," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, अजून सहा बटणं आहेत."

"पुरे म्हटलं ना मी."

फिटर पिंजऱ्यातून उतरला. दारात बायकोनं त्याच्या गळ्याकडे हात नेला. त्यानं तो हात कोपरानं बाजूला केला. उघड्या कॉलरनं तो वकीलबाईंसमोर आला.

"मशीननं एकदाच केलं होतं, बाई."

एवढंच बोलून तो जिना उतरून गेला. पाळीची पोरं खाली उभी होती. त्यांनी वाट करून दिली. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. हात कामाला कायमचे गेले, असं कोर्टानं मानलं. दावा पुरता मंजूर झाला. फिटर ऐकायला आला नाही. निकालाची प्रत न्यायला बायको आली.

"कसा आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"रोज सकाळी दार लावून घेतात. स्वतः बटणं लावायला बघतात. अर्धा अर्धा तास."

"जमतं?"

"नाही."

"मग?"

"मग हाक मारतात." तिनं कागद पिशवीत घातला. "तुमचं नाव काढलं की उठून जातात. पण मी तुमच्यावर रागावले नाही हो. तेवढं सांगायला आले."

ती गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही शब्द मोडला नसता तर ते उपाशी मेले असते."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? मोडला ना." त्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "मोडायचाच असेल तर द्यायचा नसतो. त्या पहाटे 'नाही' म्हणायला मला जड गेलं. तेवढंच. माझ्या जड जाण्याचं ओझं त्यानं वाहिलं, चार मिनिटं, सगळ्यांसमोर."

त्या चार मिनिटांत मी त्यांचा तिरस्कार केला. त्यांच्यासारखं लढता यायला हवं असंही त्याच चार मिनिटांत वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पहाटे नव्या घरी गेलो. कपडे धुण्याच्या कारखान्यातली बाई. वाफेनं चेहऱ्याची एक बाजू भाजलेली. घरातले आरसे तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. दात घासायला ती न्हाणीघरात पाठमोरी उभी राहिली. मी वही उघडली, तशी ती वळली.

"हे सगळं तिथं सांगणार नाही ना?"

"सांगणार," वकीलबाई म्हणाल्या. "आरसेसुद्धा. तुमच्या घरचे समोर बसले असतील तरी सांगणार."

बाईनं चूळ भरली.

"आधी बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "मला विचार करू दे. आज जा तुम्ही."

आम्ही बाहेर आलो. आतून कडी लागली. मी वही मिटली. तीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ती दुसऱ्याकडे जाईल," मी म्हटलं. "दुसरा गोड बोलेल, शब्द देईल, आणि केस घालवेल."

"शक्य आहे."

"मग?"

"चेहरा तिचा आहे, पोरी," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरायला लागल्या.