डबीतली हिरवी चकती

तेरहून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत ती रोज एक डबी मांडीवर घेऊन बसायची. बस आदळली की झाकणावर तळहात दाबायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

डबीत हिरवी चकती असे. जस्ताच्या पांढऱ्या ऑक्साईडमध्ये चिमूटभर कोबाल्ट मिसळून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं ती भाजली होती. तिच्यात चुंबकाचा गुण उतरलाय, त्यातून पुढं कमी विजेवर चालणारी संगणकाची मेमरी होईल, असं ती सांगे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझं संशोधन अर्धवटच राहिलं. "चुंबकाचा गुण कसला, चिमट्याचं लोखंड लागलं असेल," मी म्हणालो.

 मग बांबूच्या चिमट्यानं तिनं सगळं पुन्हा केलं.

आज बसमध्येच फोनवर चाचणीचा निकाल आला. "लोखंड न्हाय! गुण चकतीचाच!" ती ओरडलीच.

रोज ऐकणारी शेजारची आजी म्हणाली, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाय पण गुण लागला की गं!" सगळी बस हसली.

"सर, तुम्ही हटकलं म्हणून खात्री झाली," ती माझ्याकडं वळून म्हणाली.

मला राहवेना. "अहो, मी जळून बोललो होतो."

"जळून का होईना," डबी उंच धरत ती म्हणाली, "लई बरोबर बोललात!"