आदिधान्य आणि भिंगबाई

चष्म्याच्या दुकानात काम करून करून बाईंना भिंगातून बघायची इतकी सवय लागली होती, की घरी डाळ निवडतानाही त्या भिंग घेऊन बसत. म्हणून चर्चमध्ये सगळे त्यांना भिंगबाई म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं, की फ्रेमच्या काड्या गरम करून कानामागे बसतील अशा वाकवणं, काचा पुसून देणं, तक्त्यावरची शेवटच्या ओळीतली अक्षरं वाचून घेणं ही त्यांची कामं. चुकीचं अक्षर वाचणाऱ्याकडे त्या अशा बघत, की तो बिचारा ओशाळून दुसरा डोळा मिटायचा.

नवरा बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर होता. घरात सासूबाई आणि दोन मुली, थोरली आणि धाकटी. पूर्वी कारखान्यातली तुटकी बिस्किटं कामगारांना वाटत, तेव्हा घरातला डबा कधी रिकामा नसे. गेल्या वर्षी ते वाटप बंद झालं. का, ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून सासूबाई चहाबरोबर अख्खी बिस्किटं खात होत्या आणि तुटक्यांची सर त्यांना नाही, असं दर वेळी म्हणत होत्या.

अशात चर्चच्या महिला मंडळात एक पाहुण्या बाई आल्या. स्वतःला आरोग्यभगिनी म्हणवून घ्यायच्या. गोऱ्यापान, गालावर लाली, आवाज मधासारखा. त्या म्हणाल्या, "भगिनींनो, देवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा झाडं केली, फळं केली, बी-बियाणं केलं. मैदा केला का?"

"नाही!" बायका एका सुरात म्हणाल्या.

"साखर केली का?"

"नाही!"

"मग ती कुणी केली?"

यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भिंगबाईंच्या मात्र डोळ्यांसमोर त्यांच्या नवऱ्याचा चेहरा उभा राहिला.

व्याख्यान संपल्यावर मागच्या टेबलावर पिशव्या मांडलेल्या होत्या. पिशवीवर गव्हाची लोंबी, तिच्यावर पांढरं कबूतर आणि खाली ठळक अक्षरांत 'आदिधान्य'. दुधात कालवा, पाण्यात कालवा, कसंही खा. भिंगबाईंनी हातात मावतील तेवढ्या पिशव्या घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या पिशवीची मागची बाजू उलटून पाहिली नाही. समोर कबूतर होतं, मागे कशाला बघायचं?

घरी आल्या आल्या त्यांनी पदर खोचला. फडताळातला एकेक डबा, बाटली, पुडा ओट्यावर आला. भिंगाखाली धरून त्या त्यातले घटक मोठ्याने वाचायच्या आणि मुली नावं ऐकून खिदळायच्या. सॉस गेला, जॅम गेला, नूडल्स गेल्या. सगळ्यात शेवटी सासूबाईंच्या बिस्किटांवर हात पडला.

"अगं, ते राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "या वयात मला काय होणार आहे?"

"आई, शरीर हे देवाचं घर आहे."

"असेल ना. पण माझं घर जुनं आहे गं. त्याला अधूनमधून डागडुजी लागते."

संध्याकाळी नवरा कामावरून आला, तर उघडं फडताळ आणि दारात भरलेलं पोतं. "घर बदलतोय का आपण?" त्याने विचारलं.

"आहार बदलतोय."

पोत्यात सगळ्यात वर त्याच्याच कारखान्याचा पुडा होता. तो त्याने उचलून हातात घेतला. "म्हणजे मी दिवसभर भट्टीवर उभा राहून पाप भाजतो, असं म्हण ना."

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला हवं? पोत्यात घातलंसच की."

तेव्हापासून त्या घरात जेवणापूर्वीची प्रार्थना लांबत चालली. आधी प्रत्येक भाजीचे आभार, मग ती पिकवणाऱ्या मातीचे, मग पावसाचे. त्यानंतर, हे प्रभू, शेजारच्या घरात जे डबाबंद खातात त्यांनाही सुबुद्धी दे. तोवर सूपवर साय धरायची. धाकटी एक डोळा किलकिला करून बघायची, की देव अजून ऐकतोय का. भिंगबाईंनी स्वतः भाजलेला ब्रेड तर असा व्हायचा, की नवरा म्हणाला, "हा कापायला कारखान्यातून माणूस आणावा लागेल."

आदिधान्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती. सकाळी सगळे वाडगी चाटूनपुसून रिकामी करत. सासूबाई तर चहात दोन चमचे टाकून डोळे मिटून घेत. भिंगबाईंना भरून यायचं. शुद्ध अन्नाची गोडी आपोआप लागते, हे आरोग्यभगिनींचं म्हणणं त्यांना तंतोतंत पटलं होतं.

चर्चमध्येही त्यांचं वजन वाढलं. शुद्ध आहार समिती निघाली आणि भिंगबाई तिच्या प्रमुख झाल्या. रविवारच्या उपासनेनंतर चहा-बिस्किटांऐवजी उकडलेलं बीट आणि कोमट पाणी आलं. लोक आशीर्वाद मिळताच चपला शोधू लागले. पूर्वी रेंगाळत गप्पा मारणारी माणसं अशी पांगायची, की धर्मगुरू पाळकसाहेब आशीर्वादाचे हात खाली घेईपर्यंत मागची बाकं निम्मी रिकामी झालेली असायची. त्यांच्या पत्नी पाळकीणबाई मात्र समितीच्या खंद्या पुरस्कर्त्या. आदिधान्य खाऊन त्यांचा गुडघा बरा झाला होता. हे त्यांनी दोनदा उभं राहून सांगितलं होतं, आणि उभं राहता येतं हाच त्याचा पुरावा होता.

पुढे कारखान्याने कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं. भिंगबाई हटकून गेल्या. मुलींना मैद्याचे ढीग दाखवावेत आणि जमलंच तर मालकाला चार शब्द सुनवावेत, असा बेत होता. सासूबाईही निघाल्या. त्यांना नुसता वास घ्यायचा होता.

भट्टीच्या तोंडाशी नवरा उभा होता. डोक्यावर टोपी, चेहरा लाल. पट्ट्यावरून बिस्किटांच्या रांगा येत होत्या आणि तो नुसत्या रंगावरून आच कमी-जास्त करत होता. धाकटीने टाळ्या पिटल्या. भिंगबाईंनी त्याला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. तो इतका रुबाबदार दिसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग एक मुकादम सगळ्यांना मागच्या नव्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे तुटक्या बिस्किटांचा डोंगर होता. दोन माणसं फावड्याने ती चक्कीत लोटत होती आणि चक्कीखाली पिशव्या भरत होत्या. पिशवीवर लोंबी होती. लोंबीवर कबूतर.

"इथे काही वाया जात नाही बघा," मुकादम कौतुकाने सांगत होता. "तुटकं, वाकडं, करपलेलं, सगळं यात. वरून मूठभर कोंडा टाकला, की रंग येतो."

भिंगबाईंनी विचारलं, "आणि हे घेतं कोण?"

"एक बाई येतात, गाडी भरून नेतात. काय गोड बोलतात हो! जाताना आमच्यासाठी प्रार्थनापण करतात."

पाळी संपली, तसा नवराही त्यांच्याबरोबर घरी निघाला. वाटेत भिंगबाईंनी त्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या चमच्यालाच कळलं," नवरा म्हणाला. "माझ्याच हातचा भाजलेपणा. तो मी ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने वाढत होतीस. आणि खरं सांगू का? त्या बीटानंतर तेवढंच तर घशाखाली उतरायचं."

"मलाही वाटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "चहात पडलं, की अगदी घरचं वाटायचं."

भिंगबाईंना आधी रडू आलं, मग हसू. दोन्ही एकदम आल्याने उचकी लागली.

पुढच्या रविवारी महिला मंडळात त्यांना आदिधान्याच्या अनुभवाची साक्ष द्यायची होती. त्या उभ्या राहिल्या आणि पाहिलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. आरोग्यभगिनी समोरच बसल्या होत्या. त्यांच्या गालावरची लाली जराही हलली नाही.

"भगिनी," त्या म्हणाल्या, "बिस्कीट कशाचं होतं? गव्हाचं. गहू कुणी केला?"

"देवाने!" बायका म्हणाल्या.

"मग?"

"आमेन!" पाळकीणबाई ओरडल्या. "आणि माझा गुडघा काय खोटं बोलतो?"

गुडघ्याला उलट उत्तर कोण देणार? भिंगबाईंना राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. त्या बाकावर असंच भान हरपून "नाही! नाही!" म्हणणारी एक बाई त्यांना चांगलीच आठवत होती. त्यांनी समितीचा राजीनामा दिला. बाहेर पाळकसाहेबांनी त्यांना हळूच गाठलं. "बरं केलंत. माझा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे," ते म्हणाले, आणि मागे वळून पाहत पुढे म्हणाले, "फक्त घरी सांगू नका." समितीच्या प्रमुख पाळकीणबाई झाल्या. आदिधान्य पूर्वीपेक्षा जास्त खपू लागलं.

त्या संध्याकाळी भिंगबाईंनी प्रार्थना सुरू केली. सवयीने भाजीपासून मातीपर्यंत आल्या आणि अडखळल्या. इतके दिवस देवापुढे आपण दुसऱ्यांच्या घरातले डबेच मोजत बसलो होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्या म्हणाल्या, "अन्न दिलंस, ते खाणारी माणसं दिलीस. आभार. आमेन." सूप कढत होतं. धाकटीची जीभ भाजली.

ताजं आणि साधं खाण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही. नवऱ्याने कणीक किती वेळ झाकून ठेवायची आणि आच केव्हा उतरवायची ते दाखवलं, तेव्हा ब्रेड सुरीने कापता येऊ लागला. सासूबाईंना चहाबरोबर दोन बिस्किटं मिळू लागली. त्या तीन घेत, आणि भिंगबाई तेवढ्या वेळेपुरत्या खिडकीबाहेर बघत.

भाजी आणायला त्या आता मुलींना बरोबर नेऊ लागल्या आणि निवड त्यांच्यावर सोपवू लागल्या. थोरलीने पालेभाजी आणि टोमॅटो शहाण्यासारखे निवडले. धाकटी एका लालभडक भोपळ्याला मिठी मारून बसली. तिच्याने तो उचलवेना, आणि सोडवेनाही.

"एवढा मोठा कशाला गं?" भिंगबाईंनी विचारलं.

"तो माझ्याकडे बघून हसला."

शेवटी नवऱ्याला बोलावलं आणि त्याने तो खांद्यावरून घरी आणला. आठवडाभर घरात भोपळ्याचं सूप, भोपळ्याची भाजी आणि ब्रेडमध्येसुद्धा भोपळा होता. नाक मुरडायची कुणाची टाप नव्हती, कारण धाकटी प्रत्येकाच्या ताटाशी जाऊन विचारत होती, "माझा भोपळा कसा झालाय?"