नानांचा वाकणारा ट्रक

नानांना वाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यासाठी त्यांच्याकडे ट्रक होता. लकडगंजात त्यांच्या वडिलांनी ज्यातून सागाचे ओंडके वाहिले, तोच हा. नानांनी त्याला रंग दिला, पितळी पट्ट्या ठोकल्या आणि खालचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे काढून हवेचे फुगे बसवले. बटण दाबलं की फुस्स करत अख्खा ट्रक वीतभर खाली येई. "पाव्हण्याले नमस्कार करते आमचा ट्रक!" नाना सांगत. स्वतः मात्र पाहुण्यांशी मान ताठ ठेवून बोलत.

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाचे ते सुरक्षाप्रमुख होते. हे पद त्यांनीच काढलं होतं, त्यामुळे विरोधात कुणी उभं राहिलं नाही. माइकसमोर त्यांची भाषा बदलायची. "सुरक्षा हा संस्कार आहे!" असं म्हणून ते टाळ्यांसाठी थांबत. टाळ्या उशिरा आल्या तर वाक्य पुन्हा म्हणत.

ट्रक उभा केला की नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, चाकापुढे लाकडी ठोकळा ठेवत. घरची आरागिरणी असल्यामुळे ठोकळ्यांना तोटा नव्हता. नानांना तो ट्रकचा अपमान वाटे. "लोकं फोटो काढून राहिले अन् तू ठोकळा ठेवून राहिली! काहून इज्जत काढतं वं?"

"इज्जत ब्रेक लावते काय?" काकू विचारत.

एका जानेवारीत मंडळाचं प्रदर्शन एका उतारावर होतं. ट्रकला हार घालणारे प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. नानांनी काकूंनाच हार घेऊन पुढे उभं केलं, ठोकळा पायाने उडवला आणि ते केबिनमध्ये चढले. ट्रक वर उचललेला असतानाच त्यांनी हँडब्रेक ओढला. इंजिनाचा आवाज लोकांना ऐकू यावा म्हणून ते चालू ठेवलं, गिअर काढलेला. मग हवा सोडली. ट्रक खाली बसला तशी मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची केबल सैल पडली आणि ब्रेक सुटला. ट्रकने नमस्कार केला आणि तो पुढे चालू लागला. कार्यक्रमाचाच भाग समजून आम्ही मंडळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत बंपरने काकूंना पाडलं होतं. मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात नातेवाईक येत. काकू प्रत्येकाला सांगत, "ओल्या फरशीवरून घसरली, बाप्पा." नाना शेजारी बसून मोसंबी सोलत. खरं सांगायला त्यांचं तोंड उघडलं नाही. ज्यांनी पाहिलं होतं, ते आम्हीही सभ्यपणे गप्प बसलो. पुढे नानांनी मंडळ सोडलं, माइकचं नाव काढलं नाही. घरात काकूंच्या काठीचा आवाज आला की ते पेपर वर धरत.

शेवटी ट्रक विकायला काढला. खाप्याहून एक जोडपं बघायला आलं, तेव्हा मीही अंगणात होतो. नवरा केबिनमध्ये चढून बटणं दाबू लागला. बायको मोबाइल धरून थेट ट्रकपुढे उभी राहिली.

"बाजूले व्हा, बाई!" नाना एवढ्या जोराने ओरडले की तिच्या हातून मोबाइल पडला.

नवऱ्याला खाली उतरवून नाना गुडघ्यांवर बसले आणि ट्रकखाली वाकून त्याला केबल दाखवू लागले. ट्रक वर असताना ती ताठ राही, खाली आला की लोंबू लागे. "अगोदर खाली बसवा, मग ब्रेक ओढा. गिअर टाका. चाकाले ठोकळा लावा. अन् पुढं कोणाले उभं करू नका."

"असं झालं काय कधी, काका?" तो हसत म्हणाला.

काकू काठी टेकत दारात आल्या होत्या. नाना उठले. "झालं," ते म्हणाले. "हिचा पाय मीच मोडला. ठोकळा हिनं ठेवला होता, तो बी मीच उडवला."

मग काकू त्या बाईकडे वळल्या. "पाय मोडल्यापासून मी फरशीले शिव्या देऊन राहिली वं, याईच्यासाठी. अन् हे बाजूले बसून ऐकून राहिले."

नानांनी आतून खुर्ची आणून काकूंच्या मागे ठेवली. काकू बसल्या नाहीत. नाना खुर्चीची पाठ धरून तसेच उभे राहिले.