पाटीवर पैकीच्या पैकी

सुईताईचं खरं नाव दवाखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. तिने सुई टोचली कधी ते कळायचंच नाही. रडून आकांत करणारं पोर डोळे मिटून वाट बघत बसायचं आणि ही म्हणायची, "ऊठ रे राजा, कधीच झालं." उभी हयात त्या एका दवाखान्यात गेली. डॉक्टर आले नि गेले, भिंतींचा रंग बदलला, ताई तीच.

मग वरच्या ऑफिसातून एक टॅबलेट आला, मोठ्या फोनसारखा, म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायचा. पेशंट त्याला पाटी म्हणू लागले. पाटीतली बाई पाच शब्द सांगायची: चाक, आरसा, लोकर, शिडी, मीठ. मग बोटाने घड्याळ काढायचं, चित्रं ओळखायची आणि शेवटी ते पाच शब्द पुन्हा सांगायचे. जमलं तर हिरवा रंग, नाही तर लाल. आपल्या भाषेत शब्दांचा एकच संच होता. दुसरा येणार, येणार असं नुसतं ऐकायचं. सांगणाऱ्याचं काय जातंय! पाटी धरून म्हाताऱ्यांशेजारी बसायचं काम ताईकडे आलं. दिवसभर चाक, आरसा, लोकर, शिडी, मीठ. घरी भाजी चिरतानाही तोंडात तेच. लेक म्हणायची, "आई, नुसतं मीठ मीठ करतेस, भाजीत कोण घालणार?" पहिल्यांदा दोघी हसल्या. पुढे पुढे लेक हसेनाशी झाली.

दवाखान्यात एक म्हातारा शिंपी यायचा. त्याचे हात थरथरत, म्हणून इन्सुलिनची सुई रोज सकाळी ताईच देई. पाटीने त्याला लाल दिला होता. पाचातला एकच शब्द त्याला आठवला, लोकर. शिंपीच तो!

एके सकाळी तो मुलाची वाट बघत बाकावर बसला होता. ताई सुई घेऊन आली.

"अहो ताई, मघाशी दिलीत की."

ताई हसली. लालवाल्या माणसाचं बोलणं कोण मनावर घेतंय? "असू द्या हं काका. बाही वर करा."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नसेल दिली. माझं आता काही खरं नाही बाई." आणि त्याने मुकाट्याने बाही वर केली.

थोड्या वेळाने तो बाकावरून खाली कोसळला, घामाने निथळत. डॉक्टर धावले, शिरेतून साखर चढवली, म्हणून वाचला. "थरथरत्या हातांनी घरीही टोचून घेतली असणार यांनी," डॉक्टर म्हणाले. "विसरतात ना." मुलाने बापाला सगळ्यांदेखत झापलं आणि बाप मान खाली घालून पोटच्या पोराची माफी मागत बसला.

संध्याकाळी ताईने वापरलेल्या सुयांचा, रोज रिकामा होणारा डबा पाहिला. इन्सुलिनच्या सुया दोन होत्या, आणि त्या दिवशी इन्सुलिन घेणारा दुसरा कुणी आलाच नव्हता. पहिली सुई दिल्याचं काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना म्हणाली, "माझी पण पाटी करा." त्यांनी थट्टेवारी नेलं, पण केली. हिरवा! पैकीच्या पैकी! डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळ्या बाकांना ओरडून सांगितलं, "बघा, आमच्या ताईचं हिरवं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंप्यानेही वाजवल्या.

घरी तिने तोऱ्यात लेकीला सांगितलं. लेक दुधाचं करपलेलं पातेलं घासत होती.

"अगं आई, ते शब्द तुला पाठ आहेत! पोपटालासुद्धा हिरवं मिळेल."

ताई भडकली, नाही नाही ते बोलली. पण आतून ती हादरली होती. लेकीचं खरं होतं. ती पाटी सगळ्यांना पकडेल, तिला कधीच पकडणार नाही. आणि हातात सुई आहे तोवर कुणाचा जीव जाईल याचा नेम नाही. बरं, सुई सोडायची तर सुईताईत उरतं काय? फार भीती वाटली तिला.

तरीही सकाळी तिने डॉक्टरांच्या खोलीचं दार लोटून घेतलं. "डॉक्टर, एक सांगायचंय, रागावू नका. शिंपीकाकांना दोनदा सुई मीच दिली. आणि ती पाटी माझ्यावर चालत नाही, मला पाठ आहे."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. बाहेर ही गर्दी. "चूक कुणाच्या हातून होत नाही, ताई? आणि ज्याचं डोकं बिघडतं त्याला इतकं सुचत नसतं. दमलात तुम्ही. जरा विश्रांती घ्या."

ताईला हायसं वाटलं. दिवसभर ती कामात गुंतली.

पुढच्या सकाळी डॉक्टर चहा घेत असताना तिने दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, एक सांगायचंय, रागावू नका. कधीचं मनात आहे, धीर होत नव्हता. शिंपीकाकांना दोनदा सुई मीच दिली. आणि ती पाटी..."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. तिचं बोलणं पुरं होऊ दिलं.

"ताई, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलंत?"

"छे हो! लेकीलासुद्धा नाही. आज पहिल्यांदाच बोलतेय."

डॉक्टर उठले. आवाज जमेल तितका साधा ठेवून म्हणाले, "औषधांच्या कपाटाची किल्ली द्या जरा माझ्याकडे."

तिने कमरेची किल्ली काढून दिली. दारातून समोरचा बाक दिसत होता आणि बाकावर शिंपी बसला होता. ताईचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"डॉक्टर, काकांना आजची सुई मी दिली का?"

डॉक्टरांना तरी काय माहीत? ते तरातरा बाहेर गेले, शिंप्यापुढे वाकले. "काका, नीट आठवा. आज सुई झाली का तुमची?"

म्हाताऱ्याने बाही सारखी केली आणि ओशाळं हसला.

"मला काय विचारता डॉक्टर, माझं लाल आहे. ताईंना विचारा, त्यांचं हिरवं."