पांढऱ्या वायरीचा बोल्ट

किर्गिझस्तानातल्या अत-बाशी गावी गुरांच्या बाजाराबाहेर बुरुलचाची टपरी होती. गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये जो सात पिनांचा प्लग बसतो, त्याच्या वायरिंगवर तिचं पोट चालायचं. हे काम ती सामूहिक शेताच्या गॅरेजात शिकली. तिथले मेकॅनिक म्हणायचे, "पोरी, तू आपली चहा ठेव." पुढे त्यांच्याच गाड्या तिच्या दारात आल्या. तिने एकालाही सुखाने जाऊ दिलं नाही. ज्याला पिनांचे नंबर कळत नाहीत, तो तिच्या लेखी मेंढीहून खालचा.

त्या रविवारी कादिरकुल आला. नवी जीप, मागे ट्रेलर, त्यात अकरा मेंढ्या आणि त्यांना आवरणारी त्याची बायको सोनुन.

"एजे, ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मिणमिणतात," तो म्हणाला. सगळं गाव तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणे. "माझ्या पुतण्याने फोनवर बघून जोडलंय. रंगाला रंग."

"रंग ओळखतो? वा! म्हणजे बालवाडी पास दिसतोय," बुरुलचा म्हणाली. "बाबा रे, वायर कारखान्यात जी उरली असेल ती घालतात. नंबर बघायचा असतो, नंबर!"

सोनुन काही बोलायला पुढे झाली.

"तू मेंढ्या धर," बुरुलचाने तिला झटकलं.

तिने पुतण्याचं सगळं काम उपसून काढलं, शिव्या देत नव्याने जोडलं. टेस्ट लॅम्प लावून साती पिना तपासल्या. एकूण एक बरोबर. कादिरकुलने ब्रेक दाबला. इंडिकेटर तसेच मिणमिणले.

"मग तुम्हाला तरी कुठे जमलं?" कादिरकुल हसला. बुरुलचाचे कान लाल झाले.

"ट्रेलरखाली एक पांढरी वायर आहे," सोनुन मेंढी धरूनच म्हणाली. "लेंड्या खरवडताना तिचा बोल्ट निघाला होता. हातानेच बसवला मी. यांना सांगितलं, तर म्हणाले, ती कामाची नाही."

बुरुलचा ट्रेलरखाली सरकली. बोल्ट ढिला, खाली गंजाचा थर. अर्थिंगच धड नव्हतं. करंटला परतायची वाट नाही, म्हणून तो भलत्या दिव्यांतून शिरत होता. सगळ्यांत आधी जी बघायची, तीच वायर तिने बघितली नव्हती. तिला स्वतःचीच किळस आली. तिने गंज घासला, बोल्ट आवळला. ब्रेक दाबताच फक्त ब्रेकचे दिवे लागले, लालभडक.

"बघा, पुतण्याचं बरोबरच होतं!" कादिरकुल म्हणाला.

"तू गप बस. तोंड उघडलंस की अक्कल दिसते." मग सोनुनकडे वळून ती जरा अडखळली. "मगाशी मी तुला... ते चुकलं माझं. येत्या रविवारी येशील? टेस्ट लॅम्प धरायला शिकवते."

"मेंढ्या कोण धरणार?" कादिरकुलने विचारलं.

सोनुनने हातातली मेंढी त्याच्या अंगावर सोडली.

पुढच्या रविवारी ती आली, आणि नंतरही येत राहिली. त्या दोघींनी मिळून गिऱ्हाइकांचा जो पाणउतारा केला, त्याला तोड नव्हती.